घंटा सुधाकरकडे, लोलक जीवनकडे

मी, सरुबाई भ्रतार नामदेव तायडे, राहणार लोधीपुरा, बुऱ्हाणपूर, धर्म ख्रिस्ती, धंदा मांडे करणे, वय दाखल्याप्रमाणे अठ्ठ्याहत्तर (दाखला पाळकांनी अंदाजाने लिहिला, माझी माय म्हणायची मी त्याहून मोठी), हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे, आणि देता देता नातवाच्या वाढदिवसाच्या मांड्यांची ऑर्डरही दिली, म्हणजे त्यांचा खरंच विश्वास आहे. मला कोणीही दमदाटी केलेली नाही. दोन्ही पोरांनी करून बघितली, जमली नाही.

वैजयंती मॅडम वकिलांनी मला नमुना दिला. त्यात "सदरहू" हा शब्द जागोजागी आहे. मला तो फार आवडला, म्हणून मीही घालणार आहे. शाळा माझी दुसरीपर्यंत. पुढची अक्षरं पवित्र शास्त्र वाचून वाचून लागली, त्यामुळे लिहिताना मधेच संदेष्ट्यासारखा आवाज निघतो. सांभाळून घ्यावं.

आधी थोडी हकिकत सांगते, नाहीतर वाटणी कोणाला कळायची नाही.

लोधीपुऱ्यातलं आमचं चर्च लहान, पण मंडळी एक होती. एका पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, प्रभुभोजनाला पाव आला नाही, कारण बेकरीवाल्याच्या घरी लग्न होतं. पाळक धावत माझ्या दारात. मी म्हटलं, थांबा, आणि खापरावर मांडा टाकला. आमच्या गावचा मांडा म्हणजे मैद्याची चादरच. पाळकांनी तो दोन्ही हातांत उचलून धरला तेव्हा पाळक दिसेनासे झाले, नुसता मांडा प्रार्थना करतोय असं वाटलं. मला तर फार शोभिवंत वाटलं.

पण मोतीलालभाऊ, तेव्हाचे मोठे पंच, त्यांच्या टाळूला तो घास चिकटला. प्रार्थना संपली, आशीर्वाद झाला, तरी भाऊ जिभेने खरवडतच होते. शेवटी बोट घालून काढला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही भाकर नाय, हा कागद आहे." भाऊ जन्मभर कागदाच्या मिलमध्ये होते, त्यामुळे लोकांना ते खरं वाटलं.

माझा मोठा, सुधाकर, उठून म्हणाला की मांड्यात खमीर नसतं, आणि प्रभूने मोडली ती भाकरही बेखमीरच होती. धाकटा, जीवन, म्हणाला की आपल्या आजापासून पावच चालत आला, मायच्या हातचा आहे म्हणून काय तो शास्त्रात घालायचा का. संध्याकाळपर्यंत मंडळ्या दोन झाल्या. मांडेवाल्यांचा पंच सुधाकर, पाववाल्यांचा पंच जीवन. बाहेर दोघांनी नवे फलक लावले. एकावर "मूळ एकता मंडळी", दुसऱ्यावर "खरी एकता मंडळी".

मग वाटणी सुरू झाली. चर्चच्या मधोमध लूमच्या कापडाचा पडदा टांगला. या बाजूला एक उपासना, त्या बाजूला दुसरी, वेळ एकच, कारण मागे कोणी सरेना. पडदा शेवटच्या भिंतीपर्यंत पोचत नाही, तिथे फटीत मी माझं स्टूल टाकून बसते. डाव्या कानात एक प्रवचन, उजव्या कानात दुसरं. लोक म्हणतात, बाई, तुमचा गोंधळ होत नाही का. नाही होत. दोन्ही प्रवचनं दुसऱ्या बाजूच्या चुकांवर असतात, त्यामुळे नीट जुळतात.

घंटा तर पडद्याने वाटता येईना. म्हणून घंटा मांडेवाल्यांना दिली आणि तिच्या पोटातला लोखंडी लोलक काढून पाववाल्यांना. तेव्हापासून मांडेवाले घंटेवर पाना आपटतात, आणि पाववाले तो लोलक रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर बडवतात. एकदा जैनाबादहून एक अनोळखी माणूस आवाजाच्या दिशेने विचारत विचारत आला, हातात कुऱ्हाड. म्हणाला, "लोहार कहाँ बैठता है?"

प्रार्थनेत मात्र कसूर नाही. दर वर्षी एकीच्या प्रार्थनेचा आठवडा दोन्ही बाजूला होतो, वेगवेगळा. एका वर्षी तर खंडव्याच्या एकाच प्रचारकाला दोघांनीही बोलावलं, कोणी कोणाला न सांगता. बिचारा इकडे एकीवर बोलला, पडद्याखालून वाकून तिकडे गेला, आणि तेच पुन्हा बोलला. दोन्हीकडे लोक रडले. जेवायला कोणत्या बाजूला बसावं ते त्याला कळेना, तेव्हा मी त्याला घरी आणून मांडा आणि पाव दोन्ही वाढले. त्याने मांड्यात पाव गुंडाळून खाल्ला. मला तेव्हाच वाटलं, हा माणूस शिकलेला आहे.

आता माझी इच्छा काय ते सरळ लिहिते. ती घंटा पहिल्यापासून आमचे हे, नामदेव, वाजवायचे. तंटा व्हायच्या आधीच ते गेले, सुखात गेले. वर्षातून एकदा ते शिडीवर चढून तिला तेल घालायचे आणि मला म्हणायचे, "सरू, शिडी धर. शिडी धरणारा घरचा पाहिजे." मी शिडी धरायची आणि ते वरून मोहल्ल्यात कोणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय ते सांगायचे. तो लोलक परत त्या घंटेत जावा, आणि तिचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकावा, एवढंच मला पाहिजे. मॅडम म्हणतात मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं. या कागदात मला ही एकच खोट दिसली. ती कशी काढली ते पुढे येईल.

कलम पहिले. सदरहू घर. वाटणी कशी करायची ते मला येत नव्हतं, ते मी माझ्या पोरांकडून शिकले. म्हणून सदरहू घराचं छप्पर आणि दारं सुधाकरला. भिंती आणि फरशी जीवनला. सुधाकरला आपलं छप्पर जीवनच्या भिंतींवर ठेवायचं असल्यास त्याने जीवनची परवानगी घ्यावी. जीवनला आपल्या फरशीवर जायचं असल्यास सुधाकरच्या दारातून जावं, विचारून.

कलम दुसरे. मांड्यांचं खापर थोरली सून सिंधू हिला. चूल धाकटी सून ज्योती हिला. दोघींचे हात चांगले आहेत. ज्योतीचा तर माझ्याहून पातळ पडतो, पण ती पाववाल्यांत असल्यामुळे दार लावून करते.

कलम तिसरे. टीव्ही सुधाकरला, रिमोट जीवनला. बँकेचं पासबुक जीवनला, कार्डाचा गुप्त नंबर सुधाकरच्या कानात सांगितला जाईल.

कलम चौथे. यांची शिडी. डावा बांबू थोरल्याला, उजवा धाकट्याला. पायऱ्यांचं अजून ठरलं नाही.

कलम पाचवे. मालूबाईने नेलेली माझी छत्री. ती तिच्याकडेच राहू द्यावी. मी तिला माफ केलं आहे, पण हे तिला सांगू नये, ती अजून मला बघून रस्ता बदलते आणि मला त्याची मजा येते.

कलम सहावे. माझी माती. आमच्या कबरस्तानातही दोन्ही मंडळ्यांनी चुन्याची रेघ मारली आहे. सुताने धरून मारली, आणि ती सरळ यांच्या कबरीवरून गेली. डोकं मांडेवाल्यांत, पाय पाववाल्यांत. पुनरुत्थानाच्या सकाळी सगळे कबरी रंगवायला जातात. सुधाकर डोक्याकडचा अर्धा भाग पांढरा करतो आणि जीवन पायाकडचा अर्धा निळा. दोघं आपल्या बापाच्या कबरीवर पाठीला पाठ लावून बसतात, मधल्या रेघेवर दुसऱ्याचा रंग येऊ नये म्हणून जपून ब्रश मारतात. मी समोरच्या दगडावर बसून बघते. यंदा दोघांचाही डबा एकाच वेळी संपला आणि दोघांनी न बघता मागे हात केला, लहानपणी पाटी पुसायला एकच चिंधी होती तेव्हा करायचे तसा. मग ध्यानात आलं आणि दोघांनी हात मागे घेतले. तेव्हा मी ठरवलं की आता लिहायला बसायचं.

तर मला यांच्या बाजूला, त्याच रेघेवर पुरावं. रंग कोणताही द्या, मला दोन्ही आवडतात.

एवढं लिहून झालं आणि मी पोरांना बोलावून वाचून दाखवलं. सुधाकर म्हणाला, "माय, हे काय लिवलं? छप्पर घेऊन मी काय डोक्यावर ठेवू?"

मी म्हटलं, "तू घंटा घेऊन काय केलं?"

जीवन हसला. मग त्याच्या डोक्यात शिरलं. "आन मले रिमोट काहून?"

"तुले लोलक काहून?"

"तो याच्या लोकांनी मांडा घुसवला म्हणून."

"घुसवला नाय, मायने केला," सुधाकर म्हणाला. "तू तर तीन वेळा मागून खाल्ला असशील त्या दिवशी घरी."

"घरी खाल्ला. चर्चमध्ये नाय."

असं तासभर चाललं. मी त्यांना चहा दिला, दोघांनी बशीत ओतून फुंकला, एकाच वेळी, बापासारखा. मला इतकं बरं वाटलं की आणखी तासभर भांडू द्यावं असं वाटलं.

कलम सातवे, आणि हे मुख्य. साक्षीदार कोण घ्यावेत असं मी मॅडमना विचारलं. मी म्हटलं, माझी दोन पोरं आहेत की. त्या म्हणाल्या, "आजी, ये गलती मत करना. तुम्ही ख्रिस्ती आहात. तुमच्या कायद्यात वारसाने साक्षीची सही केली तर मृत्युपत्र राहतं, पण त्याला त्यातलं काही मिळत नाही. उसकी बीवी को भी नहीं."

मी म्हटलं, "काहीच नाही?"

"काहीच नाही."

मला इतका आनंद झाला की मी उठून मॅडमना मिठी मारली. कोर्टाच्या बाहेर, सगळ्या मुन्श्यांसमोर. त्यांना वाटलं मला समजलंच नाही, म्हणून त्यांनी पुन्हा समजावलं. मी पुन्हा मिठी मारली.

म्हणून असं ठरवते. सुधाकर आणि जीवन यांनी या पत्रावर साक्ष घातली नाही, तर डॉक्टर आणि मॅडमचे मुन्शी घालतील, त्यांना मी सांगून ठेवलं आहे, आणि वरची सगळी अर्धी अर्धी वाटणी लागू होईल. मग छप्पर काढा, फरशी उखडा. पण दोघांनी एकाच बैठकीत, एकाच पेनने, माझ्यासमोर साक्ष घातली, तर त्यांना आणि त्यांच्या बायकांना काही मिळणार नाही, आणि सदरहू घर, खापर, चूल, टीव्ही, रिमोट, पासबुक, शिडी, सगळं सगळं न तोडता, न वाटता सुधाकरची तृप्ती आणि जीवनचा ललित या माझ्या दोन नातवंडांना एकत्र मिळेल. ती दोघं आताही एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असतात, त्यांना वेगळं करायला कोणाला सुचलेलं नाही. आणि साक्ष मी जिवंत असतानाच घालावी लागते, म्हणजे वर सांगितलेली खोट निघाली.

सहीच्या आधी दोघांनी हे कलम नीट वाचावं. घाई नाही. दोघांना सही करताना काही म्हणायचं असल्यास साक्षीच्या खाली आपापल्या हाताने लिहावं, मी खोडणार नाही. मॅडम म्हणाल्या असं लिहायची पद्धत नसते. मी म्हटलं, कागद माझा आहे.

कलम आठवे. उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा. मी पहाटे मांडा टाकणार आहे आणि बेकरीतून पावही आणून ठेवला आहे. दोन्ही एकाच ताटात घेऊन फटीत माझ्या स्टुलावर बसेन. ज्याला ज्या बाजूने हात घालायचा त्याने घालावा. मोतीलालभाऊ आता थकले, दात नाहीत, त्यांच्यासाठी मांडा चहात भिजवून नेईन. ते चालेल की नाही हे पाळकांना विचारणार नाही, कारण विचारलं की तिसरी मंडळी होईल.

याहून जास्त माझ्याकडे काही नाही. होतं ते लिहिलं, आणि लिहिताना फार मजा आली. मला आधी ठाऊक असतं तर दर वर्षी एक मृत्युपत्र केलं असतं.

हे पत्र मी वाचून, समजून, चष्मा लावून सही करते. सोबत डाव्या अंगठ्याचा ठसाही देते. सही येते मला, पण ठसा छान दिसतो.

ठिकाण: लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
तारीख: ३ मे २०२५, शनिवार

लिहून ठेवणार: सरुबाई नामदेव तायडे

साक्षीदार पहिला: सुधाकर नामदेव तायडे. यातलं मला आणि सिंधूला काही मिळणार नाही हे वाचून सही केली. मायने सही होईपर्यंत मनगट धरलं होतं, पण जबरदस्ती नाही. आमच्या लोकांना मी आज सांगतो. उद्या सकाळी घंटेवर मी चढतो. जीवनने लोलक आणावा.

साक्षीदार दुसरा: जीवन नामदेव तायडे. मलाही नको, ज्योतीलाही नको. मांडा प्रभुभोजनाला चालतो हे मला अजून पटलेलं नाही, तसं इथे लिहून ठेवतो. लोलकाला गंज आहे, रात्री घासून आणतो. दादाचा गुडघा दुखतो. शिडी मी धरतो.