हललेला फोटो

ती. ताईस,

एक नमस्कार तुला आणि एक तुझ्या रागाला.

"भुतासारखे फोटो पाठवतोस, तो कॅमेरा दुकानदाराच्या डोक्यात घाल," असं तू लिहिलंस. दुकानात जाऊन आलो. दुकानदाराने त्याच कॅमेऱ्याने माझ्या बुटांचा फोटो काढला, तर नाडीचा पीळसुद्धा दिसला. कॅमेऱ्यात खोट नाही.

इथे दिवसभर काँक्रीट फोडायचं मशीन धरावं लागतं. संध्याकाळी हात जरा थरथरतात, एवढंच. सगळ्यांचेच थरथरतात, म्हणून चहावाला आमचे कप अर्धेच भरतो. माझा हल्ली सकाळीही अर्धाच भरतो, पण तू काळजी करू नकोस.

भाचीला कॅमेरा घेशील तेव्हा मोठमोठ्या आकड्यांना भुलू नकोस. साधा, हातात नीट बसणारा घे. फोटो उजेडात काढायला सांग, आणि कोपरं अंगाशी घट्ट धरायला. माझी धरूनही हलतात, ते सोड.

शेवटी काल दुकानदाराचं ऐकलं. कॅमेरा खिडकीत ठेवला, टायमर लावला आणि समोर जाऊन उभा राहिलो. फोटो लख्ख आला. सोबत पाठवतोय.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? तिला आता नीट दिसतं का?

दिसत असेल तर हा फोटो तुझ्याजवळच ठेव. तिला जुनेच दाखव. हललेल्या फोटोत मी अंगाने भरलेला दिसतो.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारा,
धाकटा