अपुरा ठेवलेला पूर्वपक्ष

गुरुजी, तुम्हाला मी आजवर एकही पत्र लिहिले नाही. तुम्ही हयात होतात तेव्हा खाप्याला येऊन भेटणे सोपे होते, आणि तुम्ही गेल्यावर लिहिण्यास कारण उरले नाही. आता ते निर्माण झाले आहे. तुमच्या एका नियमाविषयी मला विचारायचे आहे, आणि तो नियम ज्याला नीट ठाऊक आहे असा दुसरा कोणीही आता उरलेला नाही.

निवृत्तीनंतर मी शहरात, हुडकेश्वर भागातल्या एका शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकवतो, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. तुम्ही आमच्या वर्गात अमेरिका एका तासात आटोपली होती: "सापडली, भांडली, मोठी झाली. चला, पुढचा धडा." अकरावी-बारावीच्या ज्या मुलांना पुढे परदेशी शिकायचे आहे, त्यांच्यासाठी हा प्रगत अभ्यासक्रम आहे. पाठांतराने त्यात भागत नाही. त्या काळची भाषणे, कायदे, वर्तमानपत्रांतील जाहिराती वाचून त्यांवर युक्तिवाद करावा लागतो. शिकवणे इंग्रजीत चालते, भांडण मात्र मराठीत. "तो येऊन राहिला, सर" असे कोणी म्हटले की मी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावतो. परवा एक खोडकर मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही अमेरिकेत गेले ना, तर तिकडच्या राष्ट्राध्यक्षालाही उभं करून वाक्य सुधारायला लावाल." मी म्हणालो, "लावीन. तोवर तू 'तुम्ही गेलात' म्हणायला शीक." तुम्ही स्वतः आयुष्यभर खाप्याचीच बोली बोललात, आणि तुम्हाला सुधारण्याची छाती मला कधी झाली नाही, ही गोष्ट मी मुलांपासून लपवून ठेवली आहे.

तुमचा नियम असा होता: प्रतिपक्षाला उत्तर देण्यापूर्वी त्याचे म्हणणे इतके नेटके मांडावे की, ते ऐकून त्यानेच मान डोलवावी. त्याला तुम्ही जुन्या शास्त्रकारांप्रमाणे पूर्वपक्ष म्हणत. मला तो दिवस अजून दिसतो. गावात यंत्रमाग येणार अशी बातमी आहे, आमच्या घरात हातमागाचा धोटा दिवसभर खडखडतो आहे, आणि वर्गात तुम्ही मला नेमकी यंत्रमागाची बाजू दिली आहे. मी मुद्दाम दुबळे बोलतो. मुले टाळ्या वाजवतात. तुम्ही खुर्चीतून न उठता म्हणता, "काहून गा, बापाले वाचवून राहिला का? त्या यंत्रमागवाल्याची बाजू नीट मांड. मग पाहू, तुझा बाप टिकते का." दुसऱ्या दिवशी मी ती नीट मांडली. त्या दिवशी जेवताना मला वडिलांकडे पाहवेना. परंतु आपला माग हरणार हे आमच्या घरात सर्वांत आधी मला कळले, आणि म्हणूनच मी पुस्तकांकडे वळलो. माझे पुढचे सगळे आयुष्य त्या एका तासातून निघाले आहे. तो नियम मी कोणासाठीही सैल केला नाही.

यंदा गुलामगिरीचा भाग आला. यादवी युद्धापूर्वी दक्षिणेतील मळेवाल्यांनी आपल्या समर्थनार्थ जे जे लिहिले, ते मुलांनी वाचले होते. कोणी कोणाचा पूर्वपक्ष मांडायचा, हे ठरवण्यासाठी मी नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या. मळेवाल्याची चिठ्ठी एका मुलीला आली. आपल्या पणजोबांनी याच शहरात धम्मदीक्षा घेतली, हे तिने पहिल्याच दिवशी ओळख करून देताना ठणकावून सांगितले होते. तिने चिठ्ठी वाचली, तिची घडी घातली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"मी हे बोलणार नाही, सर."

"माझी घे ना वं," शेजारचा तोच खोडकर मुलगा म्हणाला, "सोपी आहे. उत्तरेचा गिरणीवाला."

"आणि माझी तू बोलशील? माझ्यासमोर कोणीतरी बोलणारच ना!"

तेव्हा मी वर्गाला हातमागाची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीने आजवर पुष्कळ हट्टी मुले वठणीवर आली आहेत. तिने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"सर, यंत्रमागवाले म्हणत होते, तुमच्या बाबांचा माग जुना झाला. तुमचे बाबा माणूसच नाहीत, असं म्हणत होते का?"

मी म्हणालो, पूर्वपक्ष मांडणे म्हणजे तो मान्य करणे नव्हे.

"माहीत आहे, सर. पण ज्यांनी तो कधी ऐकला नाही त्यांना तो शिकावा लागतो. आमच्या घरी तो सगळ्यांना पाठ आहे. आजीला शाळेत ऐकवला, बाबांना भाड्याचं घर शोधताना. आता मी माझ्या तोंडानं कशाला म्हणू?"

पुढच्या तासाला ती आली नाही. हे सादरीकरण चुकले तर तिला अभ्यासक्रमातून बाहेर पडावे लागणार होते, आणि परदेशी प्रवेशाची तिची सारी भिस्त याच अभ्यासक्रमावर होती. पर्यवेक्षिकाबाई म्हणाल्या, "दुसरी चिठ्ठी द्या तिला अन् मोकळे व्हा, सर. पोरीचं वर्ष जाईल." मी नकार दिला. चिठ्ठी बदलल्याने तिचा प्रश्न सुटत नव्हता. तो फक्त माझ्या डोळ्यांआड होत होता. शेवटी मीच तिला दूरध्वनी केला. म्हणालो, "उद्या ये. पूर्वपक्ष मी मांडेन, प्रश्न तू विचारायचे. त्याचेच गुण देईन."

"तुम्ही मळेवाले होणार?"

"हो."

"पण पूर्ण बोलायचं, सर. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळायचं नाही. नाहीतर मी जिंकले तरी खोटंच होईल ते."

मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी मी उभा राहिलो आणि बोललो. उत्तरेकडच्या गिरणीतील मजूर म्हातारपणी रस्त्यावर पडतो, आमचा माणूस मरेपर्यंत पोसला जातो. धर्मग्रंथात याला आधार आहे. कोणत्याही सुसंस्कृत समाजाला खाली एक थर लागतोच. माझे वाक्य कोठेही अडखळले नाही. तो आवाज मला परका वाटेना, गुरुजी. असेच संथ, निर्दोष मराठी बोलणारे सद्गृहस्थ मी आपल्याकडच्या कितीतरी बैठकींत ऐकले आहेत, आणि त्यांच्या भाषेचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

तिने एकेक मुद्दा धरला. मी उत्तरे दिली. काही तिला झोंबली, तरी ती मागे हटली नाही. मग ती म्हणाली, "तुमची माणसं इतकी सुखात होती, तर त्यांना वाचायला शिकवणं हा गुन्हा का ठरवलात?"

या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर होते. त्यांनी ते लिहून ठेवले आहे आणि मी ते वाचले आहे. आपल्याकडेही, खालच्या मानलेल्यांना विद्या नाकारताना, ते फार पूर्वी, फार सुबक भाषेत दिले गेले आहे. वाक्य माझ्या जिभेवर पूर्ण जुळून आले होते. समोर ती उभी होती, हातात पेन, पुढचा प्रश्न तयार ठेवून. मी पुस्तक मिटले. मुलांनी बाके बडवली, "सर हरले!" असा गलका झाला.

तिने बाक बडवले नाही. वर्ग पांगल्यावर ती टेबलापाशी आली.

"त्यांच्याकडे उत्तर होतं ना, सर?"

"तास संपला होता," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.

तिला मी पूर्ण गुण दिले. ती अभ्यासक्रमात टिकली आहे, रोज येते, पूर्वीसारखीच वाद घालते. माझ्या उत्तरांवर मात्र ती आता क्षणभर थांबून माझ्याकडे पाहते. मी तिला जपले की तिच्या हक्काचा प्रतिपक्ष तिच्यापासून हिरावला, हे मला ठरवता येत नाही. ते वाक्य मी उच्चारायला हवे होते काय, एवढेच तुम्हाला विचारायचे होते. हे पत्र घडी घालून ठेवण्यापलीकडे त्याचे काही करता येणार नाही, हे मी जाणतो. तास संपायला पुष्कळ अवकाश होता, गुरुजी.