नववीचे पंधरा गुण

पुनावळे, २६ सप्टेंबर २०२१

चि. योगिनीस अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. सरकारी पॉलिटेक्निकची दुसरी यादीही एका टक्क्याने हुकली, हे ताईकडून कळलं. करोनात परीक्षाच रद्द झाली आणि नववीचे गुण धरून दहावीचा निकाल लावला, त्याला आपण काय करणार? दाजी म्हणतात, सरकारी मिळालं तरच इंजिनिअरिंग, नाहीतर जवळच्या कॉलेजात आर्ट्स. चाकणच्या शिफ्टने ते वैतागलेत, जरा निवळले की मी बोलतो. मामी विचारते, घरातलं प्रत्येक यंत्र खोलून बघणारी आमची मशीनवाली बाई इतकी अबोल कधीपासून झाली? वेळेवर जेवत जा.

तुझ्यावर कायम जीव असलेला,
ज्ञानेशमामा

काळेवाडी, २९ सप्टेंबर

ती. मामांना सा. न.

पप्पा शिफ्टमुळे वैतागलेले नाहीत. मला गणित झेपत नाही असं त्यांना वाटतं, कारण निकालात तेच दिसतं. शाळेत गणित तुम्हीच शिकवलंत, म्हणून तुम्हालाच विचारते. नववीच्या सहामाहीचे पेपर वाटले तेव्हा मी बेरीज केली होती. आतल्या गुणांची बेरीज एकाहत्तर, वर पहिल्या पानावर छप्पन्न. मी स्टाफरूममध्ये आले, तर तुम्ही म्हणालात, "राहू दे. नववीला कोण विचारतं?" मामा माझ्या भल्याचंच बघणार, म्हणून मी गप्प बसले. पुढे लॉकडाऊनमुळे नववीची वार्षिक परीक्षा झालीच नाही आणि ते छप्पन्नच दहावीला लागले. ती चूक होती की मुद्दाम केलंत, एवढंच कळवा. मामींना नमस्कार.

उत्तराची वाट पाहणारी,
योगिनी

पुनावळे, ३ ऑक्टोबर

चि. योगिनीस आशीर्वाद.

मुद्दाम केलं. भाची म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, आणि धाक बसून तू दहावीत नव्वदच्या पुढे जावीस, एवढंच मनात होतं. हुशार मुलांचे नववीत आम्ही थोडे कापतोच. ताईही म्हणाली होती, कडक राहा. जूनमध्ये बोर्डाला गुण भरताना दुरुस्ती करता आली असती. पण मग पंधरा गुण मी कापले, हे हेडमास्तरांसमोर कबूल करावं लागलं असतं. माझी जीभ रेटली नाही. लाज वाटते. हे पत्र फाडून टाक. दाजींना कळलं तर ताईचं माहेर तुटेल.

क्षमेला पात्र नसलेला,
मामा

काळेवाडी, ८ ऑक्टोबर

ती. मामांना सा. न.

पत्र फाडलं नाही, पप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे पोरीला येत होतं." पण तोवर आर्ट्सचा प्रवेश घेऊन झाला होता आणि पॉलिटेक्निकची मुदत संपली होती. मला त्यांचीच कीव आली.

आईला मध्ये आणू नका. ती कडक राहा म्हणाली होती, गुण कापा म्हणाली नव्हती. तिचं माहेर मी तोडणार नाही, दिवाळीला ती येईल. माझं मात्र इतक्यात यायचं मन होणार नाही.

सोमवारी शाळा उघडल्या. आमची धाकटी विजयश्री यंदा नववीत, तुमच्याच वर्गात आहे. शाळेत मामा म्हणू नकोस, असं मी तिला बजावलंय. तिला जेवढे पडतील तेवढे द्या.

तुमची विद्यार्थिनी,
योगिनी