तिला बोलू दे

चिरंजीव,

गाडी जागेवर नाही म्हणून बोंब मारू नकोस. मी नेली आहे. किल्ली तुझ्या बुटात सापडली. शाळेत असताना प्रगतिपुस्तकही तू तिथेच लपवायचास.

मावशीला हॉस्पिटलमधून आणायला निघाले आहे. काल बिचारी मांडीवर पिशवी घेऊन संध्याकाळपर्यंत दारात ताटकळली, आणि आपण खणलेल्या रस्त्यावर चिखलात रुतून बसलो. "पुढे रस्ता बंद" ही पाटी मी मोठ्याने वाचली होती. एकदा नाही, दोनदा. तू म्हणालास, "आई, तू जरा गप्प बस, तिला बोलू दे." ती म्हणजे तुझ्या फोनमधली बाई. ती म्हणाली सरळ जा, आणि तू गेलास.

तुझे बाबा गाडी चालवायचे तेव्हा पाट्या मीच वाचायचे, जन्मभर. त्यांनी मला कधी गप्प बसवलं नाही, आणि आमची गाडीही कधी रुतली नाही.

आईचं आता वय झालंय, गाडी विकून टाकू, असं तू बायकोला सांगत होतास. ऐकलं मी. कान शाबूत आहेत, डोळेही, आणि लायसन्ससुद्धा.

आज गाडी मीच चालवणार आणि पाट्याही मीच वाचणार, अगदी खच्चून. फोन करू नकोस, उचलणार नाही.

दूध तापवलंय. तुझा डबाही भरलाय. कुठे ठेवलाय, ते तिला विचार.

आई