मसनवट्याच्या वरचं सोनं

आण्णा, तुमचं मशीन अजून सुरू होतं. दोरी दोन-तीनदा ओढावी लागते, मग खोकतं आणि धरतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण गुंजवणीच्या काठी त्याचा आवाज आला की गावातली जुनी माणसं अजून म्हणतात, निघाले सोनं काढायला.

तुम्ही भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिक. सराफांच्या गल्लीत गटाराचा गाळ धुऊन सोन्याचा कण काढणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या आणि डोक्यात खूळ शिरलं. गटारात निघतं, तर नदीत का नाही? टाकाऊ ट्यूबांवर फळ्या बांधल्यात, वर पाणी उपसायचं इंजिन बसवलंत. नळीनं तळाची वाळू ओढायची आणि गोणपाट अंथरलेल्या पन्हळीवर सोडायची. वाळू वाहून जाते, जड ते गोणपाटात अडकतं. दर रविवारी तुम्ही, डेपोतले दोस्त, आई, आम्ही पोरं. आई भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून आणते, तुमचे दोस्त गुडघाभर पाण्यात एकमेकांना चिडवत असतात, आणि संध्याकाळी गोणपाट झटकलं की परातीत नुसती काळी रेती. कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. आमची सहल तीच होती.

मग एका रविवारी खरंच निघाला, तांदळाच्या कणीएवढा. तुमचा एक दोस्त ओल्या कपड्यांनिशी नाचला. आईनं तो तळहातावर घेतला आणि नदीच्या वरच्या वळणाकडे पाहिलं. तिथं मसनवटा आहे. आपल्याकडे माणूस गेलं की तोंडात सोन्याचा मणी ठेवतात, आणि राख याच पाण्यात जाते. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच सुचलं नव्हतं.

"कुणाच्या तरी तोंडातलं हाय ह्ये," आई म्हणाली. "सोडा पाण्यात."

तुम्ही सोडलंत. तोंड एवढंसं झालं होतं तुमचं. मग म्हणालात, "बरं. आता मसनवट्याच्या वरच्या अंगाला काढतो. आन् तुझ्या तोंडात त्येच ठिवीन, कुणाचं उष्टं न्हाई."

"म्हंजे म्या आधी मरायचं व्हय?" आई हसली.

त्यानंतर मशीन कायम वरच लागलं. एक कण निघाला नाही. माझ्या कॉलेजातल्या सरांनी सांगितलंही होतं, आपल्या काळ्या दगडात सोनं नसतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि पुढच्या रविवारी पुन्हा नळी खांद्यावर घेतलीत. शेवटी आधी तुम्हीच गेलात. आईनं मंगळसूत्रातला मणी काढून तुमच्या तोंडात ठेवला.

आता तिची वेळ आली आहे. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी सासरहून येऊन राहिले आहे. मणी आणून ठेवला, तर तिनं हातानं सारला. "सोनाराचं नगं. त्यांनी कबूल केलंय."

"आई, आण्णा गेले गं."

"गेले तर गेले. मशीन हाय की."

म्हणून दिवाळीपासून आम्ही वरच्या अंगाला जातो. सुरुवातीला नवरा, मुलं, तुमचा तो नाचलेला दोस्त, सगळे होते. मुलं कंटाळली, नवऱ्याला कामं निघाली. तुमचा दोस्त तेवढा काठी टेकत येतो. परवा हळूच म्हणाला, "पोरी, खाली लाव. खाली घावंल."

घावेल, मला माहीत आहे. पण ते तुमचंच असलं तर? आणि आई विचारणारच, कुठलं म्हणून. तिच्या तोंडावर मला खोटं बोलता येणार नाही. त्याच्यावर ओरडले मी. खरं तर राग तुमचा आला होता. माणसानं हसत हसत असं काही कबूल करून जाऊ नये, आण्णा.

इंजिनाचा आवाज घरापर्यंत जातो. तो ऐकू आला की ती कण्हायची थांबते, डोळे मिटते. बंद झाला की हाका मारते. म्हणून गेले काही दिवस मी नळी पाण्यात सोडतच नाही. काठावर इंजिन चालू करते आणि शेजारी बसून राहते. कोरडा चालवला की पंप जळतो, हे तुम्हीच शिकवलंत. जळू दे. तिच्यापेक्षा थोडा जास्त टिकला की पुरे.