तिने बाहेर जावे

प्रिय दीनानाथ,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तुझ्या पत्राच्या सुरुवातीला ‘चि. यशोधन’ आहे आणि शेवटी ‘अनेक आशीर्वाद’. तू पाठशाळेत माझ्या फक्त तीन महिने आधी आलास. एवढ्या भांडवलावर चाळीस वर्षं ज्येष्ठपणा मिरवणं शास्त्राला धरून नाही. तू तिथेच राहून गुरुजी झालास म्हणून मी इथे हॅमिल्टनमध्ये बसून तुझे आशीर्वाद घ्यायचे, हे मला मान्य नाही. घेतले आहेत, तो भाग वेगळा.

गार्गीच्या शाळेत मात्र तुझीच बाजू घेतील. गाण्याची शिष्यवृत्ती मिळून आमची तेरा वर्षांची पोर सप्टेंबरात इंग्लंडला वसतिगृहात राहायला गेली, हे तुला कळवलं होतंच. तिथे एका सत्राने मोठी असलेली मुलगी दारातून आधी जाते. शाळा सहाशे वर्षांची. ती निघाली तेव्हा देवगिरी पडून जेमतेम शंभर वर्षं झाली होती, आणि या आमच्या बेटांवर माओरींच्या होड्या लागूनही फार काळ लोटला नव्हता. मुलींना प्रवेश मिळून मात्र तीसच वर्षं झाली. घाई करणं त्यांच्या परंपरेत बसत नाही.

त्या परंपरांचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी आम्हाला पाठवलं. जेवणाआधी संस्थापकाच्या रिकाम्या खुर्चीपुढे वाकायचं. मधल्या चौकातल्या हिरवळीवर फक्त शिक्षकांनी पाय ठेवायचा. पहिल्या वर्षाला कोटाचं खालचं बटण लावायचं नाही. का, ते पुस्तकालाही ठाऊक नाही. मृदुला म्हणाली, वेडे आहेत का रे हे लोक? मला उलट घरी आल्यासारखं वाटलं. गुरुजी परगावी गेले की आपण त्यांच्या रिकाम्या पाटाला नमस्कार करायचो, आणि तू तर त्या पाटाची परवानगी घेऊन लघवीला जायचास.

सत्राच्या मध्ये तीन दिवस घरी सोडतात, त्याला ‘एक्सिआट’ म्हणतात. लॅटिन क्रियापद आहे. आपला सरळसरळ विधिलिङ्, तृतीय पुरुष, एकवचन: तिने बाहेर जावे. या शोधाने मी दोन दिवस इतका खूश होतो की आमच्या ‘ते रापा’ इथल्या दूध-पावडरीच्या कारखान्यात माझ्या हाताखाली काम करणाऱ्या सुमेधलाही तो समजावून सांगितला. तो म्हणाला, सर, स्वीट अ‍ॅज (म्हणजे इकडचं ‘झकास’), पण ड्रायरचं तापमान बघा. (हंस दूध आणि पाणी वेगळं करतो म्हणतात. मीही तेच करतो, फक्त पगार घेऊन.)

तीन दिवसांत कुणी हॅमिल्टनला येऊन जाऊ शकत नाही. ऑक्टोबरात सगळ्या मुली बाहेर गेल्या आणि गार्गी वसतिगृहात राहिली. फोनवर रडली. पुढेही रडायची. फेब्रुवारीनंतर थांबली. वसतिगृहाच्या बाईंचं पत्र आलं, ‘गार्गी फार छान रुळली आहे.’ मृदुलाने ते फ्रिजवर लावलं आहे. दूध काढताना मी रोज वाचतो.

तिचं नाव ठेवताना तूच बजावलं होतंस, प्रश्न विचारून भंडावेल. भंडावलं. आता एकही विचारत नाही. जेवण फाइन, अभ्यास फाइन, थंडी फाइन.

मृदुलाची आई, मंदाकिनीताई, गेल्या महिन्यात पुण्यात वारल्या. सहा-सहा महिने आमच्याकडे असायच्या. गार्गीला त्यांनीच वाढवलं. सुती साडीवर त्या जे जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी सपाता, घालून कोपऱ्यावरच्या डेअरीत (इथे वाणसामानाच्या दुकानाला डेअरी म्हणतात) ब्रेड आणायला जायच्या, ते अजून दारात आहेत. गार्गीला फोन मी केला. ती म्हणाली, “ओके बाबा. थँक्स फॉर टेलिंग मी. चॅपलला उशीर होतोय.” कधी, कशाने, काही विचारलं नाही. मी म्हटलं, बरं. आणि कामावर गेलो.

आता पत्राचं खरं कारण. माझी आई गेल्याची तार आली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तारेचा कागद आठवतो, त्यावरची घडी आठवते. त्यानंतर एकदम दुसऱ्या दिवशीचा पाठ आठवतो: परोक्ष भूतकाळ, म्हणजे बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेलं. रूपं मी बिनचूक म्हटली, गुरुजी खूश झाले. मधला वेळच आठवणीत नाही. तू शेजारच्या पाटावर होतास. मी काय केलं, दीनानाथ? रडलो होतो का? गुरुजी वडिलांना सांगायचे, यशोधन फार छान रुळला आहे. गार्गीच्या पुढच्या वर्षाचा फॉर्म तीस तारखेपर्यंत पाठवायचा आहे. मृदुलाची सही झाली, माझी राहिली आहे. शाळा चांगली आहे, माणसंही चांगली आहेत. पण मला काळजी वाटते की पोर माझ्यासारखी झाली. मला काही वाटत नाही रे. आईचंही वाटलं नव्हतं, ताईंचंही वाटलं नाही. तीस तारखेच्या आत कळव.

तुझाच,
चि. यशोधन