न विचारलेला प्रश्न

सांगली,
रविवार, ता. २८ एप्रिल १९४६

चि. मिल्का हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सणाच्या आधीच मिळालं. उत्तराला उशीर झाला. मी आणि तुझ्या सासूबाई ठीक आहोत. उन्हाळा सुरू झाला की त्यांचा गुडघा जरा कमी दुखतो. तुझी रात्रपाळी सुटली हे वाचून बरं वाटलं. दवाखान्यातलं जेवण सोसत नसेल तर मुंबईतल्या मावशींकडे डबा सांग, भीड धरू नकोस.

पेसाहचा सण नीट पार पडला. प्रार्थनाघराच्या दोन्ही खोल्यांना चुना दिला. जिन्याची मोडकी पायरी बसवून घेतली. आपली यहुदी माणसं साताऱ्याहून आली, वाईहून आली, कवठे महांकाळहून आली. वडूजचे सॅमसन ओव्हरसियर बायकामुलांसह आठवडाभर राहिले. ही सगळी सरकारी नोकरीपायी आडगावी पडलेली माणसं. आसपास आपलं कुणी नाही, शनिवार कधी आला आणि गेला कळत नाही. इथे आल्यावरच मुलांना दिसतं की आपल्यासारखे आणखीही आहेत. बिनखमिराची भाकर सगळ्या बायकांनी मिळून भाजली. हिब्रूचा वर्ग मी सणातही चालू ठेवला. पहिल्या रात्री वाईच्या पोस्टमास्तरांच्या धाकट्या मुलीने रिवाजाप्रमाणे प्रश्न विचारले, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, वगैरे. तिने छान विचारले. मी उत्तरं दिली.

सणाच्या मधल्या दिवसांत एक पाहुणा आला होता. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून सकाळी बसलो, आणि चुन्याबद्दल लिहीत राहिलो.

आधी एक सांगायला हवं. फौजेत गेलेला माझा मुलगा सिंगापुरात पकडला गेला त्याला चार वर्षं झाली. सरकारकडून ‘बेपत्ता’ यापलीकडे शब्द आला नाही. लढाई संपली, कैदी परतू लागले, तो आला नाही. तेव्हा तुला न सांगता मी मुंबईच्या धर्मगुरूंकडे चौकशी केली. ते म्हणाले, मृत्यूची साक्ष मिळाल्याशिवाय बायको जन्मभर बांधलेलीच राहते, पुन्हा लग्न करू शकत नाही. आपल्या धर्माचा साक्षीदार नसेल तर परक्या माणसाचा शब्दही चालतो, पण तो त्याने आपण होऊन बोललेला असावा. आपण विचारून काढून घेतलेला शब्द साक्ष होत नाही. हे मी घरात तुझ्या सासूबाईंना आणि बाहेर सॅमसनना तेवढं सांगून ठेवलं होतं.

तर त्या दिवशी दुपारी वर्ग चालू असताना एक माणूस जिना चढून दारात उभा राहिला. अंगावर खाकी सदरा, डोक्याला पटका, गालफडं बसलेली.

“रामराम. दानेल कंपौंडरचं घर ह्येच न्हवं? खाली बोर्ड वाचला.”

मी हो म्हणालो. त्याने आपलं नाव आकाराम सांगितलं, गाव वडूजजवळचं. सिंगापुरापासून दोघं एकाच छावणीत होते म्हणाला. माझ्या तोंडाशी प्रश्न आला होता. सॅमसननी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, “मास्तर, विचारू नका.”

मी मुलांना सुट्टी दिली आणि त्याला सतरंजीवर बसवलं. सासूबाई आतल्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

तो बोलत होता. औंदा जोंधळा बुडाला म्हणाला. थोरला बैल मेला. घरी गेला तर बायकोने ओळखलं नाही, दार पुढे लोटून घेतलं, मग म्हातारीने आवाजावरून ओळखलं. आम्ही ऐकत होतो. प्रत्येक वाक्य संपलं की तो माझ्याकडे बघायचा आणि थांबायचा. मी म्हणायचो, “बरं.” किंवा म्हणायचो, “पाणी घ्या.” मुलगा एवढी वर्षं ज्याच्यासोबत होता त्या माणसाला मी पाऊसपाण्याबद्दल ‘बरं’ म्हणत होतो. त्याला मी कसा वाटलो असेन ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

शेवटी तो उठला.

“आवं मास्तर, तुमी कायच इचारना झालायसा. मला वाटलं व्हतं, आल्याबरूबर इचारशीला. ऐकायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या. ज्येचा त्येचा जीव. येतो मी.”

तो पायताणं घालू लागला. सॅमसन माझ्याकडे बघत राहिले. तो तसाच खाली उतरला असता तर मी हाक मारून विचारलं असतं, इतकंच मला माहीत आहे. आणि तू अडकली असतीस.

तुझ्या सासूबाई दारातून म्हणाल्या, “सणाचा दिवस आहे. जेवल्याशिवाय या घरातून कुणी जात नाही.”

तो परत बसला. त्यांनी त्याला आपली भाकर वाढली, मटण वाढलं. “भाकर वाईच कडक हाय,” म्हणाला, पण सगळी खाल्ली. जेवण झाल्यावर मी तांब्या घेऊन मोरीपाशी गेलो आणि त्याच्या हातावर पाणी घालू लागलो. त्याने हात धुतले, पण मागे घेतले नाहीत. तसेच पुढे धरून उभा राहिला.

“मास्तर, तुमी इचारा न्हाईतर नका इचारू. मला सांगितल्याबिगर जाववत न्हाई. म्या पुरलं त्येंला. ह्याच हातांनी. तापानं गेलं, दुसऱ्या सालच्या पावसात. लय लोकांला सुया टोचून वाचवलं त्येंनी, मग औषीदच सरलं. फळीवर नाव म्याच लिवलं. लिवाया त्येंनीच शिकवलं व्हतं मला, वाळूत काडीनं.”

तांब्यातलं पाणी संपलं होतं. मी तो तसाच वाकडा धरून होतो, असं सॅमसन नंतर म्हणाले.

मिल्का, दानिएल गेला. पत्राच्या मायन्यात तुझ्या नावाआधी मी सौ. लिहिलं नाही, ते तुझ्या नजरेतून सुटलं नसेल. तुला हे नुसत्या पत्राने कळू नये म्हणून मुंबईला यायचा विचार केला होता. दोनदा स्टेशनवर जाऊन परत आलो.

सणात शोक करता येत नाही. शिवाय बातमी उशिरा पोचली तर सात दिवस बसायचं नसतं, एक तास पुरतो, असा नियम आहे. सण सरल्यावर मी आणि तुझ्या सासूबाई जमिनीवर बसलो. सॅमसननी घड्याळ बघून तास झाल्याचं सांगितलं. मी उठलो, चहा घेतला, मुलांच्या पाट्या तपासल्या. तुझ्या सासूबाई मात्र उठल्या नाहीत. त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होत्या, आणि कुणी त्यांना नियम सांगितला नाही.

मला काही होत नाही. जेवण जातं, झोप लागते. शनिवारची प्रार्थना एक अक्षर न चुकता म्हटली. लोक माझ्याकडे बघतात आणि वर्गाबद्दल बोलतात. मीही वर्गाबद्दल बोलतो.

सॅमसननी आणि मी जे ऐकलं ते मुंबईच्या धर्मगुरूंना लिहून कळवलं होतं. काल उत्तर आलं. साक्ष मान्य झाली आहे. तू मोकळी आहेस.

आता जे लिहायचं ते लिहितो. मागच्या वर्षी तुझ्या दवाखान्यातल्या त्या पेणच्या गृहस्थांनी तुला विचारलं होतं आणि तू नाही म्हणालीस, हे तू सासूबाईंना सांगितलंस आणि त्यांनी मला सांगितलं. ते चांगले आहेत असं ऐकतो. त्यांनी पुन्हा विचारलं तर आमच्याकडे बघून नाही म्हणू नकोस. विचारलं नाही तर सॅमसनची बायको बोलेल, ती कामं तिला जमतात. लग्नाला आम्हाला बोलवायचं की नाही ते तू ठरव. बोलावलंस तर येऊ. प्रार्थना दुसऱ्या कुणाला म्हणू दे.

सासूबाई शेजारीच बसल्या आहेत. काय लिहू म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, “तिला म्हणावं, चार वर्षं पुष्कळ झाली.”

तुझ्यावर आता कसलाही हक्क नसलेला,
दानिएलचा बाप,
एलिया वाक्रूळकर